कुकर आला, चूल विझली

प्रेशर कुकरमध्ये अंबाडीची भाजी शिजवू नये. शिजवायचीच झाली तर तिच्यात कण्या घालू नयेत, आणि कण्या घातल्याच तर समोर कुणाला बसवू नये. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ज्या गावात मी तो कुकर वापरायला शिकले त्या गावात दुसरा कुकर नव्हता. आज माझी मुलगी कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्यावर टाकून खुशाल अंघोळीला जाते. तिचं बरोबरच आहे. भांड्याला किती घाबरायचं यालाही मर्यादा असते. पण मी घाबरून, भाजून, करपवून शिकले, आणि त्या शिकण्यात काही महिने फार एकटे गेले.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. यजमान वनखात्यात कारकून होते आणि त्यांची बदली आलापल्लीला झाली. मी अमरावतीची, माणसांनी भरलेल्या घरातली. मूलबाळ तोवर झालेलं नव्हतं. सरकारी घरांची एक ओळ होती, कौलारू, पुढे ओटा आणि मागे परस. आमचं घर ओळीत शेवटचं. त्याच्या पलीकडे सागाची लागवड सुरू व्हायची आणि ती कुठे संपायची ते मी कधी पाहिलं नाही.

दिवाळी झाली की कुपांचं काम सुरू होई. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला आखून दिलेला जंगलाचा तुकडा. यजमान तिकडे जात आणि तिथेच झोपडीत राहत. लाकडं मोजायची, नोंदवायची, गाड्या भरून डेपोत धाडायच्या. पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी घरी येत, अंघोळ करत, झोपत आणि परत जात. बायको सोबत न्यायची सोय तिथे नव्हती, आणि माहेरी जाऊन राहायचं मला पटत नव्हतं. एकदा गेलं की लोक विचारतात, का आलीस. म्हणून मी राहिले.

माघात सागाची पानं गळायला लागली. सुपाएवढाली पानं. त्यांवरून कुत्रं चाललं तरी माणूस चालत आल्यासारखा आवाज होतो. पहिले काही दिवस मी आवाज आला की दारात जाऊन पाहत असे. पुढे जाणं सोडलं.

दिवसातून माझ्याशी बोलणारं माणूस एकच, शेजारच्या नाकेदाराची बायको. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी. तोही दिवसभर फिरतीवर असे. ही बाई कुरखेड्याकडची, धानाची शेती असलेल्या घरातली, वयानं माझ्या आईएवढी. मी तिला मावशी म्हणत असे. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. रोज सकाळी ती हातात शेणाची गोवरी घेऊन आमच्याकडे विस्तव न्यायला येई. तिकडे ती रीतच होती. ओळीत एका घरची चूल पेटली की बाकीच्यांनी तिथून निखारे न्यायचे, घरोघरी काडी ओढायची नाही. मी पहाटे उठून चूल पेटवणारी, म्हणून मावशी माझ्याकडे येई. निखारा गोवरीवर घेई आणि चुलीपाशी बसे. कुणाच्या गाईला वासरू झालं, कोणत्या कुपात अस्वल दिसलं, डेपोच्या साहेबाच्या बायकोनं किती तोऱ्यात पाहिलं, सगळं सांगे. तोवर निखारा गोवरीवर राख होऊन जाई. मग दुसरा घेई आणि उठे. ती गेली की उरलेला दिवस मी गप्प असे. मुद्दाम नाही. बोलायला कुणी नव्हतं.

फाल्गुन लागला तेव्हा माझा भाऊ आला. तो मुंबईला नोकरी करत होता. लाकडाच्या ट्रकमधून धुळीनं लाल होऊन उतरला आणि काखेतलं खोकं माझ्यापुढे ठेवलं. त्यात कुकर होता. सोबत पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह आणि एक इंग्रजी माहितीपत्रक. पत्रकात झालरीचा झगा घातलेली मडम हसत वाटाणे वाढत होती. वाटाण्यांना किती मिनिटं आणि मांसाला किती, ते लिहिलं होतं. इकडे रोज खातात त्या लाखेच्या डाळीला किती, कुठे नव्हतं.

भाऊ म्हणाला, "धुरानं डोळे गेले तुझे. आता दोन तासांचं काम अर्ध्या तासात."

दुसऱ्याच दिवशी मिळाला त्या ट्रकनं तो परत गेला.

मी कामाला लागले. चुलीवर कुकर काळा होईल म्हणून स्टोव्हवरच लावायचं ठरवलं. पहिल्या दिवशी खाली पाणी घालायला विसरले. भाताचं भांडं, डाळीचं भांडं, सगळं नीट रचलं, आणि तळाशी थेंब नाही. करपट वास परसापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पाणी घातलं, पण झाकण उघडायची घाई केली. उघडेना, तर मी मुसळ आणलं. सुदैवानं मुसळ उगारल्यावर अक्कल आली आणि मी ते परत ठेवून दिलं. वाफ आपोआप गेल्याखेरीज झाकण निघत नाही आणि काढूही नये, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी सगळं ठीक झालं आणि कुकरनं शिट्टी दिली.

त्या शिट्टीनं घोटाळा केला. फाल्गुनापासून जंगलात वणव्याची भीती असते. नाकेदारांजवळ शिट्ट्या असत. वणवा दिसला की शिट्टी वाजवायची, आणि ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून हिरवा डहाळा तोडून धावायचं, आग झोडपायला. माझी डाळ शिजत होती आणि अंगणात चार-पाच माणसं डहाळे घेऊन धापा टाकत उभी. पुढे मावशीचा नवरा.

"कुठी लागली आग?" तो ओरडला.

मी हात पुसत दारात आले. "आग नाही भाऊ. डाळ आहे."

"डाय?"

"शिजून राहिली. भांडं शिट्टी वाजवते."

तो आत वाकून पाहत राहिला. कुकरनं परत एक शिट्टी दिली. मागचा एक जण दोन पावलं सरकला. मावशीच्या नवऱ्यानं डहाळा खाली टाकला. "बाई, तुमच्या डायीनं माह्या छातीतला श्वास काढला न जी. उद्यापासून वाजवाच्या आधी सांगत जा."

हसत हसत गेले सगळे. संध्याकाळी डेपोच्या साहेबांचा निरोप आला, कुकर डेपोची अकराची घंटा झाल्यावरच लावावा, म्हणजे नाकेदारांना कळेल. पुढे मी तेच केलं. माझ्या अंगणात एका वेळी इतकी माणसं त्याआधी आली नव्हती, नंतरही नाही.

मावशीला ही गोष्ट नवऱ्याकडून कळली. दुसऱ्या दिवशी ती सकाळी आली, आणि घंटेच्या सुमारास परत आली. पदरात अंबाडीची जुडी. तिच्या न्हाणीच्या पाण्यावर परसात दोन वाफे होते, फाल्गुनातही कोवळे.

"हे टाका तुमच्या त्या भांड्यात," ती म्हणाली. "मले पाहाचं हाये कसं शिजते तं. आमच्या घरी अर्धा दिवस लागते."

"अर्धा दिवस तुम्ही बोलत बसता म्हणून लागतो, मावशी."

"बोलल्याबिगर अंबाडी शिजत नाई, बाई. तुमाले नाई मालूम."

मी अंबाडी चिरली. तिकडच्या पद्धतीनं तुरीची डाळ घातली आणि ज्वारीच्या कण्या घातल्या, मूठभर जास्तच. माझ्या सासरी भाजी घट्ट लागे, तीच सवय. आणि भांड्यात नाही, सरळ कुकरमध्येच ओतली. झाकण लावलं, स्टोव्हला पंप मारला. आम्ही दोघी समोर बसलो.

शिट्टी होईना. स्टोव्ह भरभरतोय, कुकर गप्प. आधी झाकणावरून बारीक फुसफुस येत होती, तीही थांबली.

"आज बोलत नाई तुमचं भांडं," मावशी म्हणाली. "माह्यावर रुसलं का?"

"होईल आता."

"काऊन नाई होऊन राह्यलं पण?"

मी पुढे होऊन पाहते तोच झाकणावरचं सुरक्षेचं बटण उडालं. कण्या फुगून वाफेच्या नळीत अडकल्या होत्या, हे मागून कळलं. हिरवा फवारा थेट कौलांना लागला आणि तिथून खाली आला, आम्हा दोघींवर. माझ्या हातावर पडला. मावशीच्या मानेवर आणि खांद्यावर. ती "मायबाई!" म्हणून उठली ती दाराबाहेर. मी स्टोव्ह बंद केला आणि थंड पाण्याची घागर घेऊन मागे धावले. मान लाल झाली होती, फोड आला नव्हता. मी पाणी ओतत होते, ती मान वाकवून उभी होती.

मग म्हणाली, "जेवाले बोलावलं का मारायले, बाई?" आणि हसली. तोंडानं हसली, पण पुन्हा आत आली नाही. लुगड्यावरच्या कण्या झटकल्या आणि घरी गेली.

मी स्टुलावर चढून कौलं पुसली. तरी एक हिरवा डाग आम्ही घर सोडेपर्यंत तसाच होता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहाही मी स्टोव्हवरच करू लागले. त्या सकाळी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं मानेची आग असेल. खोबरेल घेऊन गेले तर ती परसात लाकडं रचत होती, मान बरी होती. तेल घेतलं, "बरं हाये जी" म्हणाली, आणि लाकडं रचत राहिली. मी थोडा वेळ उभी राहून परत आले.

मी निष्कर्ष काढला की ती कुकरला घाबरली. साधी गोष्ट आहे, ज्या भांड्यानं अंगावर उकळतं ओतलं त्याच्यापुढे कोण बसेल? तेव्हा कुकर नीट चालवायला शिकायचं, तिला पटवायचं की आता काही होत नाही, म्हणजे ती येईल. खोक्यात एक जादा बटण होतं, ते बसवलं. नळीत रोज सुई घालून फुंकून पाहू लागले. कुकर पाऊण भागाच्या वर भरायचा नाही. डाळीत तेलाचा थेंब टाकायचा, फेस कमी येतो. पालेभाजी आत घालायचीच नाही. वापरल्यावर रबराचं कडं धुऊन सावलीत वाळवायचं. हे शेवटचं मी कडं उन्हात वाळवून शिकले. ते तडकलं. नवं कडं जिल्ह्याच्या गावी, चांद्यालाही मिळेना. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं गोल कापून बसवलं. वाफ धरली, पण भाताला सायकलच्या दुकानाचा वास. दोन दिवस तो भात खाल्ला, टाकून द्यायचं मनात आलं नाही. शेवटी भावानं मुंबईहून कडं धाडलं.

शिकले सगळं. चैत्रात माझा कुकर अगदी शहाण्यासारखा चालत होता. घंटा झाली की लावायचा आणि पाऊण तासात भात, डाळ, बटाटे तयार. स्टोव्ह बंद, ओटा पुसलेला, आणि बाहेर अजून बारासुद्धा वाजलेले नाहीत. भाऊ म्हणाला तसा वेळ वाचला होता. वाचलेला वेळ मी ओट्यावर बसून घालवत असे. कुकर सहा माणसांचा. त्यात एका माणसाचं कमी लागतं म्हणून मी जास्तच लावत असे, आणि दुपारी, रात्री, दुसऱ्या सकाळी तीच डाळ खात असे. डाळ संपली नसताना परत कुकर लावावा असं कधी कधी वाटे, नुसती शिट्टी ऐकायला. लावला नाही. रॉकेल महाग होतं.

मावशी दिसे. लाकडं वेचायला जाताना आमच्या ओट्यापुढे "काय बाई" म्हणे. "या ना मावशी, आता काही नाही उडत," मी म्हणे. "येईन, येईन," म्हणून ती पुढे जाई. सकाळी तिच्या हातात गोवरी असे. ती डेपोच्या कोपऱ्यावरच्या घराकडे वळे. तिथे कुणा मजुराचं मोठं कुटुंब होतं, पाच-सहा बायका. मी ओट्यावर बसून बघे. ती लवकर परतत नसे.

यजमान कुपावरून आले तेव्हा जेवताना त्यांनी विचारलं, "मावशी नाई दिसून राह्यली सकाळची?"

"कुकरले भ्याली," मी म्हटलं. "इस्तो न्यायले आता कोपऱ्यावर जाते."

"इस्तो?" ते भात कालवता कालवता थांबले. "तिच्या नवऱ्याच्या तोंडातली बिडी विझत नाई दिवसभर. त्याच्या खिशात दोन-दोन काडेपेट्या असतात. तिले काऊन लागते तुह्या घरचा इस्तो?"

आणि ते पुढे जेवू लागले. त्यांनी डाळ परत मागितली, चांगली शिजली म्हणाले.

मी वाढली. भांडी घासताना मला तो प्रश्न सुटला. अवघड नव्हता. तिला विस्तवाची गरज कधीच नव्हती. काही न मागता दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायला संकोच वाटतो, म्हणून हातात गोवरी. रीत होती म्हणून कुणी विचारत नव्हतं. आणि मी स्टोव्ह आणून चूल थंड ठेवली. काडी ओढली की पेटतो, चावी फिरवली की विझतो, निखारा नाही, राख नाही. माझ्या दाराशी आली असती तर ती काय मागायला आली असती? मी "या ना" म्हणत होते ते ओट्यावरून, जाणाऱ्याला म्हणतात तसं. तिच्या मानेवरचं भाजणं केव्हाच बरं झालं होतं.

यजमान परत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चूल सारवली आणि पेटवली. ओली लाकडं मुद्दाम घातली, धूर वर निघावा म्हणून. कुकर त्याच चुलीवर चढवला, बुड काळं होईल तर होऊ दे. दार उघडं ठेवून बसले. निखारे चांगले लाल झाले. मावशी गोवरी घेऊन घराबाहेर पडली, आमच्या कौलांवरचा धूर तिनं पाहिला, हे मी पाहिलं, आणि ती कोपऱ्याकडे वळली. तिसऱ्या दिवशीही तेच. तिचंही खरं होतं. तिला आता तिथे सवय झाली होती, पाच-सहा बायका होत्या. माझ्याकडे मी एकटी.

तेव्हा जायला हवं होतं ते मीच. मला मागायची सवय नव्हती. लहानपणापासून आमच्या घरी दुसऱ्याकडे मागायला जाणं कमीपणाचं मानत. दोन दिवस मी ते टाळलं. एके दिवशी संध्याकाळी मात्र चूल मुद्दाम पाणी मारून विझवली, म्हणजे खोटं बोलावं लागू नये, आणि परसातून एक गोवरी उचलून मावशीच्या दारात गेले.

आत चूल पेटलेली होती. मावशी भाताचं मडकं ढवळत होती. मला पाहून तिनं भुवया वर केल्या.

"काऊन बाई? पंपाची चूल बिघडली का?"

"इस्तो पाहिजे होता, मावशी."

"तुमाले?" तिनं गोवरीकडे पाहिलं. "अन् ते ओली गोवरी कोठून आणली? इच्यावर निखारा ठेवला तं निखाराच विझंन."

मी गोवरी उलटी करून पाहिली. खरंच ओली होती. कालच विकत घेतलेल्यांतली असावी.

"मला नाही समजत गोवऱ्यांतलं," मी म्हटलं.

"ते तं दिसूनच राह्यलं." तिनं पळी मडक्यावर आपटली. "अन् आता दिवे लागले, बाई. या येळी इस्तो कोणी देत असते का घरातून? लक्ष्मी बाहेर काढून देऊ का मी? तुमच्या अमरावतीले नाई पाळत का हे?"

आमच्याकडे पाळत होते. तिन्हीसांजेला विस्तव, मीठ, दही दुसऱ्याला देत नाहीत. आईच्या घरी चूल विझायचीच नाही, त्यामुळे मला कधी मागायची वेळ आली नव्हती आणि ध्यानातही राहिलं नव्हतं. दोन दिवस ज्यासाठी मन तयार केलं ते मी नेमक्या चुकीच्या वेळी मागायला आले होते. आता परत फिरायचं आणि उद्या सकाळी पुन्हा यायचं. मला खात्री नव्हती की उद्या मी येईन.

"बरं," मी म्हटलं आणि वळले.

"इस्तो नाई देत म्हटलं," मावशी पाठमोरीच म्हणाली. "बसाचं असन तं बसा. बसाले कोण नाई म्हणून राह्यलं?"

तिनं पायानं एक पाट माझ्याकडे सरकवला. मी ओली गोवरी दाराबाहेर ठेवली, आत जाऊन बसले. नवरा कुपाकडे गेला होता, आज येणार नव्हता, एवढं तिनं सांगितलं. मडक्यातला तांदूळ जाडा होता, आणि तो शिजायला अजून बराच वेळ होता.